खारट रस्ते आणि ट्रकची चाके

प्रश्न : मी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ट्रक चालवतो. हिवाळ्यात दर आठवड्याला गाडी धुऊनही ॲल्युमिनियमच्या रिमवर पांढरे डाग उठतात आणि चॅसीला गंज धरतो. काय चुकते आहे?

उत्तर : आठवडा हा फार मोठा अवधी झाला. बर्फ वितळवण्यासाठी साध्या मिठाखेरीज मॅग्नेशियम व कॅल्शियम क्लोराइडही वापरतात, आणि ही द्रव्ये हवेतला ओलावा शोषून घेत असल्यामुळे, गाडी वरून कोरडी दिसली तरी सांधीकोपऱ्यांत ती ओलसर राहून धातू खातच राहतात. अशी खारट गाडी न धुता उबदार गॅरेजमध्ये लावणे तर सर्वांत वाईट, कारण उष्णतेने गंजण्याची क्रिया वेग घेते. मायेने केलेली सोय गाडीच्याच मुळावर येते.

शक्यतो प्रत्येक फेरीनंतर भरपूर साध्या पाण्याने गाडी खालून धुवावी, मात्र वायरिंगच्या जोडांवर जोराचा फवारा मारू नये, कारण त्याने खारे पाणी आतच ढकलले जाते. चकाकीच्या मोहाने रिमला तीव्र आम्लाचा क्लीनर लावणेही टाळावे. जोडचाकांचे रिम जिथे एकमेकांना टेकतात, तिथला थर हिवाळ्याआधी चाके उतरवून खरवडून काढावा. चाके पुन्हा बसवल्यावर ८० ते १६० किलोमीटरनंतर नटांचा घट्टपणा टॉर्क रेंचने (नट किती घट्ट आहे ते मोजणाऱ्या पान्याने) तपासावा.

ब्रेक शूकडेही, म्हणजे ब्रेक दाबल्यावर ड्रमला आतून घासणाऱ्या भागाकडेही, लक्ष असू द्या. शूवरच्या घर्षणपट्टीखाली, म्हणजे लायनरखाली, गंज फुगला की लायनर वर उचलला जाऊन तडकतो, आणि कडेची बारीक फट टॉर्चच्या उजेडात पाहिल्याखेरीज ते सहसा कळत नाही.