चव्वेचाळिशीत दातांना तारा

"या वयात तारा लावलेल्या शोभतील का?" हा प्रश्न घेऊन थेट समुपदेशकाकडे सहसा कुणी येत नाही. तो दुसऱ्या कशाच्या तरी आडून येतो. एका प्राध्यापकांच्या बाबतीत तो झोपेच्या तक्रारीआडून आला. ओळख पटेल असे तपशील गाळून, त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे.

वय चव्वेचाळीस. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते, म्हणून आले होते. बोलता बोलता कळलं की खालचे दात एकमेकांवर चढलेले आहेत, मध्ये ब्रश पोचत नाही, हिरड्या सारख्या सुजतात. ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाने, तारा सुचवल्या होत्या आणि तेव्हापासून यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. "हिरड्यांसाठीच हो मॅडम, दिसण्यासाठी नाही," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी विचारलंही नव्हतं.

मग मी विचारलं, "समजा हिरड्या नुसत्या साफसफाईने बऱ्या झाल्या, तर तारा लावाल?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लावीन."

शाळेत असताना दातांवरून पडलेलं नाव, तेव्हापासून प्रत्येक फोटोत मिटलेले ओठ, हसू आलं की तोंडावर जाणारा हात, सगळं त्यानंतर बाहेर आलं. बायकोलासुद्धा हे कधी सांगितलं नव्हतं. हिरड्यांचं कारण खरंच होतं, पण त्याच्यामागे त्यांनी एक जुनी इच्छा लपवली होती आणि तिचीच त्यांना लाज वाटत होती. माझं मत स्पष्ट आहे: आपण चांगलं दिसावं, मोकळेपणी हसावं, असं वाटण्यात उथळ काहीही नाही. केस पिकायला लागलेल्या पुरुषाने ते बोलून दाखवलं की आपण भुवया उंचावतो, हा त्याच्यावर अन्याय आहे.

त्यांच्या मनात सगळ्याच शंकांचा गुंता झाला होता. म्हणून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न एका कागदावर काढले आणि स्वतःला विचारायचे दुसऱ्यावर.

पहिल्या कागदाची उत्तरं घेऊन ते आले तेव्हा निम्मी भीती गेलेली होती. दात सरकतो तो भोवतालचं हाड बदलतं म्हणून. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड झिजतं, मागे मोकळ्या होणाऱ्या जागेत नवं तयार होतं. हे मोठेपणीही चालू असतं, त्यामुळे वय आड येत नाही. हिरड्यांचा आजार मात्र आधी आटोक्यात आणावा लागतो, नाहीतर दातांचा आधारच कमी होतो. मोठ्यांच्या जबड्याची वाढ थांबलेली असते, म्हणून दोष जबड्यातच असेल तर कधी शस्त्रक्रिया लागते. यांना ती लागणार नव्हती. साधारण दीड-दोन वर्षं, तार बदलली की काही दिवस ठणका, गालाला टोचलं तर लावायला मेण. तार धरून ठेवणारे, दातांवर चिकटवायचे ब्रॅकेट दातांच्या रंगाच्या सिरॅमिकचेही असतात; तारांऐवजी काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, म्हणजे अलायनरही असतात. पण अलायनर दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात हवेत आणि खाता-पिताना काढावे लागतात. दिवसभर चहा घेणाऱ्या या गृहस्थांनी ते स्वतःच बाद केले.

दुसरा कागद अवघड होता. "विद्यार्थी हसतील" ही मुख्य धास्ती. मी खोटा धीर दिला नाही. एखादा हसेलही. मग काय म्हणायचं, याचा आम्ही मोठ्याने सराव केला. शेवटी त्यांनी निवडलं ते साधं वाक्य होतं: "दात सरळ करून घेतोय, बरेच दिवस मनात होतं." तारा लागल्यावर पहिल्याच तासाला त्यांनी ते आपणहून सांगून टाकलं. दोन-तीन मुलांनी दुखतं का असं विचारलं आणि शिकवणं सुरू झालं. त्याआधी घरी बायकोला खरं कारण सांगणं त्यांना वर्गापेक्षा जड गेलं होतं. पण झोप सुधारली ती त्या रात्रीपासून, तारा लागण्याच्या कितीतरी आधी.

आता तारा निघाल्या आहेत. रात्री रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारं साधन, लावावा लागतो, कारण तो सोडला की दात पुन्हा जुन्या जागेकडे सरकू लागतात. हे सुरुवातीलाच समजून घ्या. दोन वर्षांत संपणारं काम समजून आलेले लोक इथे निराश होतात.

प्रत्येकाला मी "लावा" असं म्हणत नाही. दात सरळ झाल्यावर आयुष्यात काय बदलेल, हे मी आवर्जून विचारते. "मोकळेपणी हसेन" हे उत्तर पुरेसं आहे. "नवरा पुन्हा माझ्याकडे बघेल" असं उत्तर आलं तर आधी त्या नात्याबद्दल बोलायला हवं. आणि इतरांना जेमतेम दिसणाऱ्या वाकडेपणापायी कुणी रोज तासन्‌तास आरशासमोर घालवत असेल, लोकांत जाणं टाळत असेल, तर तो देहप्रतिमेशी संबंधित मानसिक आजार असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत. अशा वेळी दंतवैद्याच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्या. आजार तसाच राहिला तर सरळ झालेले दातही त्या माणसाला वाकडेच दिसत राहतात.