बुडबुडा इलेक्ट्रोडवरून 'फुटतो' की 'सुटतो'?

विचारणा अशी आहे: पाण्याच्या विद्युत अपघटनाबद्दल, म्हणजे वीज सोडून पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करण्याबद्दल, लिहिताना इलेक्ट्रोडवरचे बुडबुडे 'फुटतात' म्हणावे की 'सुटतात'? आणि त्यांच्या बंदोबस्ताला 'बुडबुडे निर्मूलन' म्हटलेले चालेल का?

'सुटतात'च लिहा. फुटणे वर, द्रावणाच्या पृष्ठभागाशी घडते. त्याच्या कितीतरी आधी, कॅथोडपाशी (ऋण इलेक्ट्रोडपाशी) विरघळलेला हायड्रोजन प्रमाणाबाहेर साचला की एखाद्या बारीकशा खाचेत बुडबुडा धरतो. तो फुगत जातो, पण पृष्ठताण त्याला बुडाशी चिकटवून ठेवतो. प्लावक बल वरचढ झाले, किंवा शेजारच्या बुडबुड्याशी एकजीव होताना हिसका बसला, की तो सुटतो. गाठ सुटते, पकड सुटते. आधी कोणीतरी धरून ठेवलेले असते, हे या क्रियापदात आपसूक येते. 'निघतो' म्हटले की ते हरवते.

आणि खरी अडचण त्या धरून ठेवण्यातच आहे. चिकटलेला बुडबुडा खालची जागा अडवतो. तेवढ्या भागात अभिक्रिया थांबते आणि उरलेल्या भागावर प्रवाहाचा भार वाढतो. सुटलेले बुडबुडेही द्रावणात रेंगाळले तर वाट अडवतात: मिश्रणाची वाहकता काढण्याच्या ब्रुगमनच्या सूत्राप्रमाणे द्रावणाच्या जागेपैकी 30 टक्के वायूने व्यापली, तर वाहकता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. सैद्धांतिकदृष्ट्या पाण्याच्या अपघटनाला 25 अंश सेल्सिअसला किमान 1.23 व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त द्यावे लागतात, त्यात या बुडबुड्यांचाही वाटा असतो.

तरीही 'निर्मूलन' मला अजिबात पटत नाही. निर्मूलन रोगाचे करतात. इथे वायू हेच तर उत्पादन आहे! शिवाय सुटणारा बुडबुडा जाता जाता द्रावण ढवळतो आणि ताजे द्रावण इलेक्ट्रोडपाशी आणतो. मी 'निचरा' म्हणेन. तयार होईल ते साचू द्यायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. द्रावण वेगाने फिरवणे, जाळीदार इलेक्ट्रोड वापरणे, हा निचराच. पृष्ठभागावर सूक्ष्म काटे उभे केले की बुडबुड्याला पाय रोवायला जागा कमी मिळते आणि तो लहान असतानाच सुटतो, हाही निचराच.

एका ठिकाणी मात्र मी क्रियापद बदलेन. अॅल्युमिनियमच्या विद्युत भट्टीत कार्बनचा अॅनोड (धन इलेक्ट्रोड) वरून बुडवलेला असतो. वायू त्याच्या सपाट तळाखाली अडकतो, सरकत सरकत कडेपर्यंत जातो आणि तिथून वर येतो. तिथे 'निसटतो' जास्त नेमके.