बाळाचं वजन झालं, आता बाळंतिणीकडे बघ

अगं, बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशीच्या भेटीत आपण आशाताई बाळाचंच वजन आणि ताप बघत बसतो. तू आधी आईशेजारी बस. सासूबाईंना चहा टाकायला पाठव, मग ती बोलेल. कोरेगावकडच्या एका घरात डिंकाचे लाडू डब्यात तसेच, मुंग्या लागलेले. बाळ निजलं तरी बाळंतिणीचा डोळा लागेना. "बाळंतपणात होतंच असं" म्हणून मी उठले. चुकलंच माझं. पहिल्या दिवसांतलं आईचं रडू बहुधा ओसरतं. दोन आठवडे उलटूनही उदास असेल तर डॉक्टरकडे ने. भास किंवा जिवाचं बरंवाईट करायची भाषा आली तर त्याच दिवशी. तोवर एकटी सोडू नकोस. रात्री-अपरात्री टेलिमानसला, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लाव, फुकट आहे. 'बाहेरचं आहे' म्हणणाऱ्या सासूशी वाद नको. अंगारा लावू दे, पण गाडी काढायला लाव.