पंखा बदलण्याआधी आवाज ओळखा

रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) ऑफिस पीसी घेतला आणि त्याचा पंखा आवाज करतोय? लगेच नवा पंखा मागवू नका. आधी आवाज कसला आहे ते ऐका. एकसारखा घोंघाट असेल तर बहुधा प्रोसेसर तापतोय आणि पंखा जिवाच्या आकांताने फिरतोय. खरखर येत असेल, त्यातही सकाळी मशीन चालू करताना जास्त, तर बेअरिंग गेलं. टकटक असेल तर एखादी वायर पात्यांना लागतेय. ती बाजूला बांधली की काम फत्ते.

घोंघाटासाठी प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, मग झाकण उघडा. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) पट्ट्यांत धुळीची गादीच बसलेली दिसेल. (रिफर्बिश्डवाले बाहेरून मात्र चकाचक पुसून देतात!) ब्रश आणि ब्लोअरने ती काढा, पण पातं बोटाने धरून, नाहीतर वाऱ्याने पंखा भन्नाट फिरून बेअरिंग बिघडू शकतं. तरी फरक नाही? मग हीटसिंक काढा, त्याखालची वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मटारच्या दाण्याएवढी नवी लावा. थापू नका.

बेअरिंगला तेलाचा थेंब हा तात्पुरता इलाज, पंखा बदलाच. ब्रँडेड ऑफिस पीसीत कनेक्टर नेहमीचा ४ पिनचा असेलच असं नाही. जुन्या पंख्यावरचा पार्ट नंबर बघूनच मागवा.

एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणारा डबा) पंखा वाजत असेल तर तो डबा उघडायच्या भानगडीत पडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) चार्ज राहतो. वॉरंटी असेल तर दुकानदाराला गाठा, नसेल तर अख्खा एसएमपीएसच बदला.