ऑइल पेंटच्या दोन हातांमध्ये ब्रश कडक होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ग्रिलला ऑइल पेंटचा पहिला हात झाला, दुसरा उद्या मारायचाय आणि रात्रीत ब्रश दगडासारखा होतो म्हणून दरवेळी नवा आणावा लागतो. अहो, नवा आणू नका, आणि मुख्य म्हणजे मधे धुवत पण बसू नका.

ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो, म्हणजे हवा तोडली की झालं. डब्याच्या काठावर जादा रंग निपटून काढायचा, ब्रश प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा (दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली असेल तर बेस्ट, चांगली जाड असते), आतली हवा दाबून काढायची आणि दांड्यावर रबर बँड घट्ट. पत्र्याची पट्टी पण पिशवीच्या आत गेली पाहिजे, कारण केसांच्या मुळाशी रंग सुकला की ब्रश फिस्कटतो आणि मग तो काही सरळ होत नाही. सकाळी काढला की थेट कामाला.

मधे दोन-चार दिवस जाणार असतील तर टर्पेंटाइनमध्ये ठेवा, पण उभा करून नाही, टांगून! दांड्याला भोक पाडून तार ओवा आणि ती डब्याच्या तोंडावर आडवी टाका, केस बुडले पाहिजेत पण तळाला टेकता कामा नयेत, टेकले की वाकतात आणि तळाचा गाळ परत केसांत शिरतो. वापरायच्या आधी फडक्याने नीट पुसून घ्या, नाहीतर रंग पातळ होऊन ओघळ येतात. उरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका प्लीज, झाकण लावून ठेवलं की रंग खाली बसतो, वरचं निवळ परत वापरता येतं. आणि हे सगळं गॅसपासून लांब.

भिंतीच्या इमल्शनला पण पिशवीच, फक्त आत ओलसर फडकं गुंडाळा, आणि काम संपलं की लगेच पाण्याने धुवा कारण एकदा सुकलं की पाण्याने विरघळत नाही. हार्डनर मिसळलेल्या पीयूला (पॉलियुरेथेन, लाकडावर मारतात ते पॉलिश) मात्र यातलं काही चालत नाही, तो हवेशिवायही आतल्या आत कडक होतो, त्याला प्रत्येक हातानंतर त्याच्याच थिनरने धुणं आलंच. उलट लाखेच्या पॉलिशचा ब्रश अगदी कडक झाला असेल तरी फेकू नका, स्पिरिटमध्ये भिजत ठेवा, लाख परत विरघळते.