१७० किलोमीटर आणि आठ दिवस

प्रश्न : नमस्कार, आम्ही गंगापूर रोडला राहतो, द्राक्षबाग दिंडोरीकडे आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला, ऑक्टोबर छाटणीची धांदल सुरू व्हायच्या आत, मी, मिस्टर आणि सासू-सासरे असे चौघं फ्रान्सला जायचं म्हणतोय. टूरवाल्यांसोबत नकोय, गाडी भाड्याने घेऊन द्राक्षांच्या गावांतून आठ दिवस आरामात फिरायचंय. मिस्टरांचं बोर्दो, बर्गंडी, शॅम्पेन आणि अल्सास चारही बसवायचं चाललंय. जमेल का? गाडी मिस्टरच चालवतील, पण उजव्या बाजूने चालवण्याची मला धास्ती वाटते, आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत.

उत्तर : ताई, चारही नका करू, आठ दिवसांतले निम्मे दिवस हायवेवर जातील आणि सासू-सासरे मागच्या सीटवर अवघडून बसतील. बोर्दो एका टोकाला, अल्सास पार पूर्वेला जर्मनीच्या हद्दीवर, मध्ये रस्त्याने साधारण हजार किलोमीटर. एकच भाग निवडा, आणि मला विचाराल तर अल्सासच. तिथला वाइन रूट १९५३ पासूनचा आहे, मार्लेनहाइमपासून थानपर्यंत साधारण १७० किलोमीटर, म्हणजे आपलं नाशिक-मुंबई. एका दिवसात सहज संपेल, म्हणूनच त्याला आठ दिवस द्यायचे.

तुमच्या सासऱ्यांना तर तिथे खूप बघण्यासारखं आहे. आपल्याकडे सह्याद्री इगतपुरी-त्र्यंबकला पाऊस अडवतो आणि पुढे सिन्नरकडे कोरडं, अगदी तसंच तिकडे व्होज डोंगर पश्चिमेचे ढग अडवतो, त्यामुळे पायथ्याचं कोलमार हे फ्रान्समधल्या सगळ्यांत कमी पावसाच्या शहरांमध्ये मोडतं आणि बागा सगळ्या त्या पूर्वेच्या उतारावर. थंडीत वेल पूर्ण झोपते, म्हणून मुख्य छाटणी हिवाळ्यात एकदाच, आपल्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची असं दोनदा नाही. मांडवही नाही, उतारावर तारांवर बांधलेल्या रांगा, आणि द्राक्षं रिसलिंग, गेवुर्त्सट्रामिनर अशी वाइनची, आपल्या थॉमसनसारखी खायची नव्हेत. सप्टेंबरात तोडणी सुरू असते, बघायला मजा येते, पण त्या काळात बऱ्याच गावांत बागांमधल्या पायवाटा फिरायला बंद ठेवतात, तेव्हा कडेनेच बघा आणि घडाला हात लावू नका, शेतकऱ्याच्या घरात हे वेगळं सांगायला नको.

मुक्काम दोनच ठिकाणी करा. आधी तीन-चार रात्री ओबरने किंवा रिबोव्हिले, मग कोलमारजवळ एगिसहाइम. रोज बॅगा भरल्या-उपसल्या की आराम संपतोच. दिवसाला एखादं गाव, फार तर दोन. एगिसहाइमच्या गल्ल्या गावाच्या मध्याभोवती गोल गोल फिरतात, अर्ध्या तासात एक फेरी होते, पण सकाळी टूरच्या बस यायच्या आत गेलात तर सासूबाईंना निवांत चालता येईल. रिकविर, काइजर्सबर्ग दुपारी फार भरतात. एक दिवस ओ-केनिग्सबूर किल्ल्याला ठेवा, अल्सास जर्मनीकडे होतं तेव्हा कैसर विल्हेल्म दुसरा याने १९०० ते १९०८ मध्ये तो पुन्हा उभारून घेतला, गाडी अगदी वरपर्यंत जाते. हवा मोकळी असेल तर रूत दे क्रेतचा घाटमाथ्याचा रस्ता, पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने बांधलेला.

आता तुमची धास्ती. पॅरिसला उतरून लगेच गाडी घेऊ नका, ट्रेनने पावणेदोन-दोन तासांत स्ट्रासबूर, रात्री झोपा, सकाळी ताज्या डोक्याने गाडी. ऑटोमॅटिकच हवी असं बुकिंग करतानाच सांगा, तिकडे गिअरच्या गाड्या भरपूर असतात, आणि क्रेडिट कार्ड मिस्टरांच्याच नावाचं लागतं. वळणापेक्षा खरी चूक पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर निघताना होते, सवयीने गाडी डावीकडे जाते, तेव्हा शेजारी बसून तुम्ही दर वेळी मोठ्याने 'उजवीकडे' म्हणा. दुसरं, गावात पाटी नसेल तर उजव्या हाताच्या बारक्या गल्लीतून येणाऱ्यालाही आधी जाऊ द्यावं लागतं, हे आपल्याला अजिबात सुचत नाही. पिवळा चौकोन उभ्या टोकावर दिसला तर मुख्य रस्ता तुमचा. सर्कलमध्ये आत असलेल्याचा मान आधी. आणि वाइन चाखायची तर त्या दिवशी मिस्टरांनी थुंकपात्र वापरायचं किंवा चाखायचंच नाही, तिकडे मर्यादा लिटरभर रक्तामागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल आहे.

जेवणाचं म्हणाल तर किचन असलेलं घर भाड्याने घ्या, तिथे त्याला जीत म्हणतात. बेसन, मसाले, पोहे न्या, पण तूप, पेढे नाही, युरोपात बाहेरचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. बाहेर तार्त फ्लांबे, म्हणजे तिकडचा पातळ पिझ्झासारखा प्रकार, मागताना बेकन नको असं आधीच सांगा, कांदा-क्रीमवरच छान लागतो. दुपारी दोननंतर बऱ्याच हॉटेलांचं किचन बंद होतं आणि रविवारी दुकानं बंद, शनिवारीच भाजी-दूध भरून ठेवा.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. व्हिसा हातात आला की मिस्टरांचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट पेठ रोडच्या आरटीओतून करून घ्या, वर्षभर चालतं, आणि सोबत मूळ लायसन्स न्यायला विसरू नका, नुसत्या परमिटवर गाडी मिळत नाही.