सोयाबीन काढणीला, हरभरा दारात : बीजोत्पादकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त सोयाबीनचीच आहेत, आणि ते साहजिक आहे. शेंगा भरल्या, पाने पिवळी पडायला लागली, महिन्याभरात थ्रेशर गावात शिरतील. उरलेली पत्रं हरभऱ्याची. कांद्याचं एकच आहे, पण प्रश्न नेमका आहे म्हणून शेवटी घेतलं. बियाणे प्रमाणीकरणाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी आता स्वतःच्या वावरात बीजोत्पादन करतो. त्यामुळे उत्तरं दोन्ही बाजूंनी देता येतात, तपासणाऱ्याच्या आणि तपासून घेणाऱ्याच्याही.

शेजाऱ्याचं दुसऱ्या वाणाचं सोयाबीन माझ्या धुऱ्याला लागून आहे. माझा प्लॉट जेएस ३३५चा. पहिल्या तपासणीत अधिकाऱ्यांनी पांढऱ्या फुलाची झाडं दाखवली आणि ‘काढा, नाहीतर नापास’ म्हणाले. काढली, पण आता फुलंच राहिली नाहीत. उरलेली झाडं ओळखायची कशी? — एक बीजोत्पादक, मेहकर तालुका

आधी धुऱ्याचं. सोयाबीन हे स्वपरागीभवन होणारं पीक, म्हणून दुसऱ्या वाणापासून ठेवायचं विलगीकरण अंतर फक्त ३ मीटर आहे. हे अंतर परागासाठी कमी आणि सोंगणीत गल्लत होऊ नये म्हणून जास्त आहे. सोंगणारा मजूर शेवटच्या तासाला कुठे तुमचं संपलं आणि कुठे शेजाऱ्याचं सुरू झालं हे बघत नाही. अंतर कमी पडत असेल तर आपल्याच बाजूचे तेवढे तास प्लॉटातून वगळून घ्या, आधी सोंगा आणि धान्य म्हणून वेगळे ठेवा. तपासणीच्या आधी अधिकाऱ्यांना तसं सांगा.

आता झाडांचं. जेएस ३३५चं फूल जांभळं, म्हणून पांढरं फूल लगेच डोळ्यांत भरतं. फूल गळालं की शेंगेवरून ओळखा. या वाणाच्या शेंगेवर लव नसते. शेंग अंगठा आणि बोटात धरून हलकेच ओढा, गुळगुळीत लागली पाहिजे. खरखरीत, केसाळ लागली तर ते झाड परकं. दुसरी खूण म्हणजे पिकण्याची वेळ. सगळा प्लॉट पिवळा पडलेला असताना मधेच हिरवंगार उभं असलेलं झाड, किंवा सगळ्यांच्या वर डोकं काढलेलं झाड, दोन्ही उपटा. सकाळी ऊन पाठीमागून येईल असं बघून तासातासाने फिरा, लव उजेडात चमकते. उपटलेलं झाड धुऱ्यावर टाकू नका, वावराबाहेर न्या. शेंगा तडकल्या की पुढच्या वर्षी तेच उगवून येतं.

प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटात भेसळ झाडं ०.५० टक्क्यांपर्यंत चालतात, म्हणजे हजारात पाच. पायाभूतात, म्हणजे ज्याच्यापासून प्रमाणित बियाणं तयार होतं त्यात, ०.१० टक्के, हजारात एक. आणि एका तपासणीत नापास झालं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. भेसळ काढून झाल्यावर विनंती करून फेरतपासणी मागता येते. अर्ज मात्र लेखी करा आणि पीक उभं असेपर्यंतच करा. सोंगून झाल्यावर येणारे फोन मी नोकरीत असताना खूप घेतले, त्यावर कोणालाच काही करता येत नाही.

दोन्ही तपासण्या पास, माल टपोरा, प्रक्रिया केंद्रावर चाळणीतही फार गेलं नाही. आणि उगवण आली ५८ टक्के. घरचे म्हणतात प्रयोगशाळेचीच चूक. यंदा काय करू? — एक बीजोत्पादक महिला, रिसोड

ताई, प्रयोगशाळेला दोष देण्याआधी थ्रेशरवाल्याला विचारा की गेल्या वर्षी ट्रॅक्टर किती रेसवर ठेवला होता.

प्रमाणित सोयाबीनला उगवण किमान ७० टक्के, भौतिक शुद्धता ९८ टक्के आणि साध्या पिशवीत ओलावा जास्तीत जास्त १२ टक्के लागतो. शुद्धतेत तुम्ही पास झालात, उगवणीत गेलात. वावरात पास आणि प्रयोगशाळेत नापास होणाऱ्या मालात मळणीचा मार हे कारण मला सगळ्यांत जास्त वेळा दिसलं.

सोयाबीनचा दाणा हातात घेऊन त्याच्या डोळ्याजवळ बघा. तिथे एक लहानसा उंचवटा दिसतो. तो अंकुर, म्हणजे उद्याचं मूळ आणि खोड. त्याच्यावर पातळ पापुद्र्यापलीकडे काही संरक्षण नाही. ड्रमच्या दात्याचा फटका बसला की डाळ शाबूत राहते, दाणा टपोराच दिसतो, आणि आत अंकुर तुटलेला असतो. असा दाणा चाळणीतून जातो, वजनात भरतो, आणि मातीत कुजतो.

थ्रेशरवाला पोत्यावर पैसे घेतो, म्हणून त्याला घाई. धान्यासाठी ती घाई चालते. बियाण्यासाठी ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० एवढेच ठेवायचे, त्याच्यासाठी लागली तर पुली बदलायची. वेळ जास्त लागणार, तर पोत्यामागे त्याला जास्तीचे पैसे कबूल करा आणि स्वतः तिथे उभ्या राहा. माझ्या मते बीजोत्पादकाने वर्षभरात खर्च केलेल्या पैशांत याहून चांगला लागलेला पैसा नाही. खताच्या एका पोत्यावर घासाघीस करणारी माणसं थ्रेशरपाशी गप्प बसतात, ते मला कधी कळलं नाही.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. मळणीच्या वेळी दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा हवा. जास्त ओला असला तर दाणा चेंबतो, फार वाळला तर तडकतो. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी दाणा इतका कोरडा होतो की दाताखाली कट्‌कन दोन फाकी होतात. अशा वेळी मळणी नको. सकाळी दव उडालं की सुरू करा, ऊन तापलं की थांबा. ओलावामापक प्रक्रिया केंद्रावर असतो, बऱ्याच व्यापाऱ्यांकडेही असतो. मूठभर नमुना घट्ट झाकणाच्या डब्यात घेऊन जा.

मळणी चालू असताना बादलीत पाणी घ्या. ड्रमखालून आलेले न फुटलेले शंभर दाणे त्यात टाका. ज्यांच्या सालीला चीर पडली आहे ते पाच-दहा मिनिटांत फुगतात, सुरकुततात, बाकीचे तसेच राहतात. फुगलेले मोजा. शंभरात दहाच्या वर निघाले तर तिथल्या तिथे रेस कमी करायला लावा. माल घरी आल्यावर करून उपयोग नाही.

आणखी दोन सूचना. मशीन तुमच्या वावरात येण्याआधी दुसऱ्याचं सोयाबीन काढून आलेलं असतं, म्हणून ते झाडून घ्या आणि तरीही तुमचं पहिलं पोतं वेगळं बांधा, ते धान्यात. आणि सोंगणी झाल्यावर पाऊस आला तर भिजलेल्या सुडीचा माल कोरड्यात मिसळू नका, दोन लॉट वेगळे ठेवा. ऑक्टोबर २०१९च्या पावसात भिजलेलं सोयाबीन आठवा. २०२०च्या जूनमध्ये उगवण न झाल्याच्या हजारो तक्रारी राज्यभरातून आल्या, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. शेंगा पिकल्यावर दाणा भिजून वाळला, परत भिजला की साल सुरकुतते आणि बुरशी शिरते.

वाळवताना ताडपत्रीवर पातळ थर द्या, तापलेल्या सिमेंटच्या खळ्यावर दुपारभर नको. बारदाना ज्यूटचा घ्या, खाली लाकडी फळ्या टाका. थप्पी पाच पोत्यांवर नेऊ नका आणि पोतं खांद्यावरून आदळू देऊ नका. हमालांना हे सांगितलं की ते हसतात, हसू द्या.

राहिला गेल्या वर्षीचा निकाल. नापास लॉटवर एकदाच पुन्हा प्रक्रिया आणि पुन्हा नमुना मागता येतो. पण अंकुर तुटलेला दाणा चाळून वेगळा निघत नाही. यंदा केंद्रावर माल न्यायच्या आधी घरीच बघा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करा, ओल टिकवा आणि आठव्या दिवशी मोजा. मूळ आणि खोड दोन्ही धड असलेलेच धरा. कोंब दिसला म्हणजे उगवला, असं नाही.

नापास झालेलं बियाणं गावात शेतकऱ्यांना विकलं तर गुन्हा आहे का? — मालेगाव (जि. वाशीम)

वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१चा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखायला, पेरायला, बदलायला आणि विकायलाही मुभा आहे. अट एवढीच की संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून, छापील पिशवीत घालून विकायचं नाही. प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी किंवा ‘प्रमाणित’ हा शब्द तर अजिबात नको. पण वरच्या ताईंसारखं ५८ टक्के उगवणीचं बियाणं देताना तो आकडा घेणाऱ्याला तोंडावर सांगा. उद्या त्याच्याच धुऱ्याला तुमचा प्लॉट असणार आहे. आणि औषध लावलेलं बियाणं असेल तर ते बाजारात धान्य म्हणून किंवा तेलासाठी कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये.

हरभऱ्याचं बीजोत्पादन पहिल्यांदाच घ्यायचं आहे. कागदपत्रं कोणती, बियाणं कुठून, वाण कोणता? — कारंजा (लाड)

सुरुवात बियाण्यापासून करा, कारण इथे चुकलं तर पुढे काही दुरुस्त होत नाही. प्रमाणित बियाणं तयार करायला मुळाशी साधारणपणे पायाभूत बियाणं लागतं, त्याची खूणचिठ्ठी पांढरी असते. ते महाबीज (राज्य बियाणे महामंडळ) किंवा कृषी विद्यापीठाकडून मिळतं. खरेदीची पावती, मुक्तता अहवालाची (बियाणं पास झाल्याच्या दाखल्याची) प्रत, रिकाम्या पिशव्या आणि त्यांवरच्या खूणचिठ्ठ्या, हे सगळं एका ठिकाणी जपून ठेवा. पहिल्या तपासणीला अधिकारी हेच आधी मागतात. पेरणीच्या गडबडीत पिशव्या गड्याने शेकोटीत घातल्या असं सांगणारे दर हंगामात भेटतात.

नोंदणीला सातबारा, ८-अ, आधार आणि बँक पासबुक. बीज उत्पादक संस्थेमार्फत घेत असाल तर नोंदणी तीच करून देते, पण तुमच्या गट क्रमांकापुढे क्षेत्र बरोबर लिहिलंय का ते स्वतः वाचा. एप्रिल २०२३मध्ये केंद्राने सुरू केलेलं ‘साथी’ पोर्टल बियाण्याचा माग ठेवण्यासाठीच आहे, पिशवीवरच्या क्यूआर कोडवरून लॉटचा उगम कळतो. म्हणजे सुरुवातीला चुकीचा लिहिलेला गट क्रमांक आता शेवटपर्यंत तुमच्या मागे येतो.

प्रमाणीकरण फक्त सरकारने अधिसूचित केलेल्या वाणाचंच होतं. वाण निवडताना आपल्याला काय आवडतं यापेक्षा संस्था कशाचा कार्यक्रम देते ते आधी विचारा. अनुदानावरच्या वाटपात नव्या वाणांना झुकतं माप असतं. जाकी ९२१८ आणि विजय लोकांच्या ओळखीचे. कंबाइनने काढायचा विचार असेल तर फुले विक्रम उंच वाढतो, घाटे जमिनीपासून वर लागतात. मर रोग येणाऱ्या वावरात मात्र कोणत्याही वाणाचा प्लॉट घेऊ नका.

विलगीकरण प्रमाणिताला ५ मीटर, पायाभूताला १०. उगवण ८५ टक्के हवी, पण हरभऱ्याची साल जाड, सोयाबीनसारखं नाजूक प्रकरण नाही. ओलावा ९ टक्क्यांच्या आत लागतो, तिथे लोक अडकतात. कोरडवाहू पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापुढे नेऊ नका. अडचण आली तर जिल्ह्याच्या बीज प्रमाणीकरण कार्यालयात जा. महाराष्ट्राची ही यंत्रणा १९७०ची, देशातली पहिली, मुख्यालय अकोल्याला. महाबीजही अकोल्यालाच, १९७६ पासून. पुस्तकी शंका फोनवर सुटतात, प्लॉटाची शंका मात्र अधिकाऱ्यांना वावरात आणूनच विचारा.

गेल्या वर्षीच्या निळ्या टॅगच्या दोन पिशव्या उरल्या. पुढच्या खरिपात वापरू का? — दर्यापूर

टॅगवरची वैधता बघा. पहिल्या तपासणीपासून नऊ महिने धरतात, त्यानंतर पुन्हा तपासून पास झालं तर सहा महिने वाढ. सोयाबीन असेल तर मुदत काही सांगो, गोणपाटाची गुंडाळी करूनच ठरवा. एक उन्हाळा काढलेलं सोयाबीन आधीच थकलेलं असतं.

एका खासगी कंपनीने कच्चं बियाणं नेलं, पैसे सहा महिने लांबले आणि वर चाळणीखालचा माल म्हणून बरंच कापलं. दाद कुठे मागायची? — एक बीजोत्पादक, बुलडाणा जिल्हा

करार हातात आहे का? पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, आणि उत्तर तिथेच आहे. भाव कोणत्या बाजार समितीच्या कोणत्या दिवसांच्या सरासरीवर, किती टक्के रक्कम माल देताच, उरलेली कधी, चाळणीखालचा माल परत मिळणार की त्याच भावात धरणार, ओलाव्याची कपात कशी, ही पाच वाक्यं करारात नसतील तर सही करू नका. यंदा माल देताना वजनपावती, लॉट क्रमांक आणि ओलाव्याची नोंद तिथेच घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा. करार असेल तर प्रत घेऊन आधी जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयातल्या गुणनियंत्रण विभागात जा. पैशाचा वाद त्यांच्या हातात नाही असं ते म्हणतील आणि ते बरोबर आहे. पण लॉट पास झाला का, किती भरला, ही माहिती प्रमाणीकरण कार्यालयातून लेखी मिळवा आणि मगच वकिलाकडे जा.

कांद्याच्या डेंगळ्यांसाठी ३ मीटर अंतर पुरेल ना? — सिन्नर

नाही. कांद्याचा पराग मधमाश्या नेतात, म्हणून प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या वाणाच्या फुललेल्या कांद्यापासून किमान ५०० मीटर लागतात, पायाभूताला १०००. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मातृकांदे लावायच्या आधीच चारी बाजूंच्या शेतकऱ्यांना कोण काय लावतंय ते विचारून घ्या. लावून झाल्यावर विचारलं तर कोणीच आपला प्लॉट मोडणार नाही. आणि गोंडे उमलल्यावर कीटकनाशक मारू नका, माश्या गेल्या तर बी धरणार नाही.